कंडक्टरचं पान

भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितृलोकाची दारं उघडतात आणि आपले गेलेले आप्त पंधरा दिवस आपल्या दाराशी येऊन उभे राहतात. दाराशी म्हणजे नेमकं कुठं, याबद्दल मात्र घराघरांत एकवाक्यता नाही. आमच्याकडे ते गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या टाकीवर येतात, कारण कावळे तिथं बसतात. समोरच्या बंगल्यात ते डिश अँटेनावर येतात. कोपऱ्यावरच्या अपार्टमेंटच्या गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली सेक्रेटरीकडे, त्यामुळं तिथल्या पितरांना सेक्रेटरी घरी असतील त्याच वेळी येता येतं.

यंदाही पंधरवडा लागला आहे. मांडवांचे वासे काढून नेले, रस्त्यात त्यांचे खड्डे राहिले आणि खड्ड्यांत गुलालाचं पाणी. पाऊस संपल्यासारखा वाटतो आणि काहीतरी विसरल्यासारखा दुपारी दहा मिनिटं परत येऊन जातो. अकरा वाजले की उचगावच्या हद्दीला टेकलेल्या आमच्या कॉलनीत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच वास सुटतो : कढईतले वडे, गवारीची भाजी, अळू, तांदळाची खीर. आणि पार्किंगवरून वर्षभर एकमेकांशी न बोलणारे सद्गृहस्थ आपापल्या गच्चीवर उभे राहून एका सुरात ‘काव काव’ करू लागतात. मागच्या गल्लीत एक निवृत्त कार्यकारी अभियंता राहतात. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाची विनवणी केली नसेल. वडिलांच्या तिथीला ते कावळ्याची करतात.

मला याचं हसू येतं, पण ते वरवरचं. हा वास नाकात गेला की मला तीन वर्षांपूर्वीचा पंधरवडा आठवतो आणि राग येतो. तीन वर्षांत तो निवलेला नाही. वडे मात्र मी दरवर्षी करते.

त्या वर्षी आमचा कुत्रा गेला. त्याचं नाव कंडक्टर. हे नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवलं होतं. मी त्यांना मामा म्हणते. मामा एस.टी.च्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. नोकरीच्या शेवटच्या पावसाळ्यात राधानगरीच्या स्टँडवर, समोरचं दिसत नाही अशा पावसात, एक तांबडं पिल्लू प्रवाशांच्या पायांतून गाडीत चढलं आणि शेवटच्या सीटखाली बसून राहिलं. गाडीच्या खऱ्या कंडक्टरनं आवाज दिला, “मामा, ह्येचं तिकीट कोन काढनार?” मामा म्हणाले, “त्यो स्टाफ हाय.” पिल्लू कोल्हापूरपर्यंत आलं आणि पुढं बारा वर्षं राहिलं. तेव्हा माझ्या सासूबाई, म्हणजे मामी, होत्या. “ह्येला आत घेतलासा तर मी भाईर जाईन,” असं त्यांनी बजावलं आणि आठव्या दिवशी त्याच्यासाठी वेगळी वाटी काढली. पुढं चार वर्षांनी त्याच खरोखर बाहेर गेल्या, कायमच्या. मग घरात मामांशी दिवसभर बोलणारा एकच जण उरला. आम्ही दोघं नोकरीवर.

लाल गाडीचा एक नियम आहे. मागून कंडक्टरनं दोनदा घंटी दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. सकाळी सहाला फिरायला निघताना मामा फाटकाशी उभे राहायचे, मागून दोनदा भुंकणं व्हायचं आणि मग मामा उजवं पाऊल रस्त्यावर टाकायचे. हे कुणी कुणाला शिकवलं, याबद्दल मामा कधी स्पष्ट बोलले नाहीत.

आता म्हाळाचं, म्हणजे पंधरवड्यातल्या श्राद्धाचं. शास्त्राप्रमाणं त्या दिवशी गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा असे घास काढतात. आमच्या कॉलनीत गाय नाही. कावळे आहेत, पण त्या दिवशी त्यांना इतक्या घरांतून बोलावणी असतात की ते राजकीय पुढाऱ्यांसारखे वागतात. कधी येतात, कधी नुसते वरून जातात. वेळेवर आणि भुकेला असा एकटा कंडक्टर असायचा. पणजोबांपासून सासूबाईंपर्यंत आमच्या घरातल्या गेलेल्या माणसांना बारा वर्षं जे काही पोचलं, ते त्याच्या तोंडून पोचलं. खाऊन झालं की तो पानाची कड चाटून स्वच्छ करायचा आणि मामांकडं बघायचा. मामा म्हणायचे, “पोचलं.” आणि आम्ही जेवायला बसायचो.

तो अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी गेला. मिरवणुकीला जाणाऱ्या मंडळांनी जाता जाता आमच्या चौकात डॉल्बीच्या भिंती उभ्या केल्या होत्या. बुद्धीची देवता म्हणतो आपण त्याला. तो जाताना ऐकू येणं बंद व्हावं, हा आपल्या भक्तीचा प्रकार. फडताळातली स्टीलची भांडी आपोआप वाजत होती. खिडकीच्या काचेवर हात ठेवला तर हाताला मुंग्या येत होत्या. कंडक्टर मामांच्या कॉटखाली गेला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. मामा कॉटवरून हात खाली सोडून बसले. डॉल्बीनं तो मेला, असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, आणि ते झालंच होतं. मी एवढंच म्हणते की आयुष्यातली शेवटची संध्याकाळ त्यानं थरथरत काढली, आणि चौकातल्या स्पीकरवर त्या वेळी सुखकर्त्याचं गाणं नव्हतं.

मागच्या परड्यात, पेरूच्या पलीकडं, मामांनी स्वतः खड्डा खणला. नवऱ्यानं फावडं मागितलं, त्यांनी दिलं नाही.

त्यानंतर मी कॉलेजमध्ये अर्ध्या दिवसाची रजा मागितली. मी तिथं ग्रंथालयात काम करते. अर्जावर कारण लिहिलं : घरी मयत झाली. हेडक्लार्कनी चष्मा वर केला. “अरेरे. कोण वारलं मॅडम?” म्हटलं, कुत्रा. ते वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत थांबले. कुत्र्याचा मालक, कुत्र्याला आणणारे काका, असं काही पुढं येईल म्हणून. आलं नाही. तेव्हा ते म्हणाले, “मयत असं न्हाय लिहिता येनार. वैयक्तिक काम लिवा.” याच टेबलावरून एका प्राध्यापकांना त्यांच्या साडूच्या चुलत आजोबांसाठी दोन दिवस रजा मिळाली होती, आणि त्या आजोबांना आपण बघितलेलं नाही, हे त्यांनी स्वतःच चहा पिताना सांगितलं होतं. मी ‘वैयक्तिक काम’ लिहिलं. त्या खोट्याची मला आजही लाज वाटते, आणि ते खरंच होतं याची जास्त.

भेटायला आलेल्यांची तऱ्हा याहून वेगळी नव्हती. एक जण म्हणाले, “वाईट झालं. आता दुसरं आना. माझ्या मेव्हन्याकडं लॅब्रेडॉरची पिल्ली हायत.” मामींच्या दहाव्याला हेच गृहस्थ आले होते, तेव्हा दुसरी आणा म्हणाले नव्हते, हे उपकार. दुसरे म्हणाले, “कुत्रंच की ते, मामा. मनाला लावून घेऊ नका.” या ‘च’चा मला विशेष राग आहे. एवढ्याशा अक्षरात माणूस आपलं सगळं मोठेपण बसवतो. शेजारच्या मगदूम वहिनी तेवढ्या शहाण्या. त्या जैन, त्यांच्याकडं म्हाळ नसतो. त्या आल्या, मामांसमोर पंधरा मिनिटं एक शब्द न बोलता बसल्या आणि जाताना सोबत आणलेली डाळीची वाटी ओट्यावर ठेवून गेल्या.

मामा सकाळी सहाला फाटकाशी जायचे, तिथं थोडा वेळ उभे राहायचे आणि परत येऊन खुर्चीत बसायचे. रस्त्यावर पाऊल टाकलंच नाही त्यांनी. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघत होते. चौथ्या दिवशी मी ठरवलं की आपण मागून काहीतरी आवाज करावा. टाळी वाजवावी, डबा आपटावा. धीर झाला नाही.

आणि पाचव्या दिवशी कोपऱ्यावर डिजिटल फलक लागला.

आमच्या वॉर्डात सोन्यादादा नावाचे एक भावी नगरसेवक आहेत. ते गेली पुष्कळ वर्षं भावी आहेत. दहावीचा निकाल, कुणाचा वाढदिवस, कुणाची बदली, कुणाचं निधन, सोन्यादादांचं डिजिटल चोवीस तासांत खांबावर चढतं. कुणाच्या दुःखाला जायचं तर त्यांच्या फलकाखालून वाकून जावं लागतं. या फलकावर वर मोठ्या अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, त्याखाली ‘कॉलनीचा निष्ठावंत रक्षक कै. कंडक्टर’. डाव्या बाजूला सोन्यादादा, हात जोडलेले, काळा गॉगल. खाली शोकाकुल म्हणून चौदा चेहरे, त्यांतले दोघं कंडक्टरला दगड मारायचे. आणि मधोमध ढगांच्या वर, पाठीमागं प्रभावळ असलेला एक भलामोठा विलायती कुत्रा. उभे कान, काळं तोंड, गळ्यात चामडी पट्टा.

मामांना कुणीतरी हात धरून बघायला नेलं. मीही गेले. सोन्यादादा तिथंच होते.

मामांनी बराच वेळ वर बघितलं. मग विचारलं, “ह्यो कोन?”

“कंडक्टर की, मामा!”

“कंडक्टरचा कान मोडल्याला हुता.”

“तसं न्हवं मामा, आपल्याकडं त्येचा फोटो न्हवता. प्रेसवाला म्हटला, कुत्र्याचा चांगला फोटो हाय, टाकू काय. म्हटलं टाक. भावना महत्त्वाची.”

“माझ्याकडं हुता की फोटो. इचारायचं हुतंस.”

“मामा, त्यो मोबाइलवरचा बारका. एवढा मोठा केला की फाटतो.”

मामा म्हणाले, “फाटू द्यायचा हुता.” आणि घराकडं वळले.

पितृपंधरवड्यात कुणी वाढदिवस करत नाही, गाडी घेत नाही, उद्घाटन करत नाही. त्यामुळं खांबावर दुसरं डिजिटल चढलं नाही, आणि तो परका कुत्रा पुढचे नऊ दिवस आमच्या कोपऱ्यावर ढगांत बसून राहिला. पोस्टमननं मला विचारलं, “लई जातिवंत हुता की. केवढ्याला घेतलता?” मला त्या दिवसांत कळेना की अधिक संताप कशाचा करावा. ‘कुत्रंच की ते’ म्हणणाऱ्यांचा, की त्याला स्वर्गात बसवणाऱ्यांचा? एकाला त्याचं मरण दिसत नव्हतं, दुसऱ्याला तो स्वतः. दोघांच्या मध्ये एक मोडक्या कानाचा तांबडा जीव पेरूच्या पलीकडं मातीत होता आणि त्याच्याबद्दल खरं असं एक वाक्य कुणी बोलत नव्हतं. आपल्याकडं शोक एकतर दडपायचा असतो नाहीतर छापायचा असतो. नुसता करायची सोय नाही.

सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडं म्हाळ असतो. आदल्या दिवशी मी अळू निवडत होते. मामा येऊन स्टुलावर बसले. चौदा दिवसांत पहिल्यांदा आपण होऊन बोलले.

“उद्या एक पान जास्तीचं काढशील?”

“कुणाचं, मामा?” मी विचारलं. मला ठाऊक होतं, पण त्यांनी म्हणावं असं वाटलं.

“त्येचं,” मामा म्हणाले. “बारा वरसं दुसऱ्याचं पोचवलं त्येनं. एक डाव त्येचं.” मग उठता उठता, “आण्णाला काय सांगायचं, ते बगू.”

आण्णा म्हणजे मामांचे थोरले भाऊ. मुरगूडला शेती. आम्ही सगळे त्यांना वचकून असतो. म्हाळाला निवद त्यांच्या हातूनच दाखवला जातो, आणि तो दाखवल्याशिवाय घरात कुणी घास तोंडात घालत नाही. आण्णा उठून गेले तर आबांचं, म्हणजे या दोघांच्या वडिलांचं, आजींचं आणि मामींचं पान तसंच राहणार, आणि दोन म्हातारे भाऊ या वयात तुटणार. त्यांना राखायचं तर मामांनी मागितलेलं पान जाणार. मामांनी आयुष्यात आमच्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. म्हणून मी ठरवून टाकलं की पान काढायचं. नवरा म्हणाला, “आण्णा खवळतील.” म्हटलं, खवळू देत.

आण्णा सकाळच्या गाडीनं आले. पिशवीत भेंडी, दोडका, केळीची पानं. हातपाय धुतले, टोपी नीट केली आणि ओट्यावर मांडलेली पानं बोटानं मोजली.

“आबा, आई, आनि आमची पारू. तीन. कावळ्याचं चार. पाचवं कुनाचं, सूनबाई?”

मामा मागून म्हणाले, “कंडक्टरचं.”

“त्या कुत्र्याचं? आरं याड लागलंय काय तुला? आबांच्या पंगतीला कुत्रं बसवतोस?”

“पंगतीला न्हाय. कडंला ठेवतो.”

“कडंला बी न्हाय! लोक त्वांडात श्यान घालतील.”

“घालू देत.”

मला राहवलं नाही. म्हटलं, “आण्णा, बारा वर्षं आबांचा घास त्यानंच खाल्ला की.”

“त्ये खायालाच असतं. खानारा येगळा, आनि ज्येच्या नावानं वाढायचं त्यो येगळा.”

हे वाक्य मी नंतर पुष्कळ ठिकाणी लावून बघितलं आहे. सगळीकडं बसतं.

मामा जागचे हलले नाहीत. आण्णांनी दुसरा मुद्दा काढला. “आनि वरीस कुठं झालंय? वरसाच्या आत म्हाळात पान न्हाय काढत, ठावं न्हाय व्हय तुला?” मला त्याही स्थितीत बरं वाटलं. हा नियम माणसांचा. नकळत का होईना, आण्णांनी कंडक्टरला यादीत घेतलं होतं. हरकत होती ती फक्त मुदतीला.

“आण्णा,” मामा म्हणाले, “तुमी म्हनशीला ते आजपतोर ऐकलं. शेत वाटताना ऐकलं, लगीन करताना ऐकलं. ह्ये न्हाय ऐकत. पान हितंच ऱ्हाईल.”

“मग मी चाललो. एकची गाडी हाय मुरगूडची.”

“जावा.”

कढईतलं तेल तापून धुरावलं होतं. गॅस बंद करायचंही कुणाला सुचेना. आण्णा तरातरा दाराशी गेले, उंबऱ्यावर बसले आणि एक पाय चपलेत घातला. दुसरा घालेनात. पाठमोरे तसेच बसून राहिले. आणि मग दाराबाहेर तोंड करून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

“पाखऱ्या गेलता तवा मला कुनी पान काढू दिलतं काय?”

पाखऱ्या कोण, हे आम्हाला माहीत नव्हतं. मामांनाही नीट आठवत नव्हतं. आण्णांनी सांगितलं ते आमच्याकडं न बघता, भांडल्यासारखं. पाखऱ्या त्यांचा बैल. आण्णा तेव्हा मिसरूड फुटलेलं पोरगं, मामा झोळीतून नुकते बाहेर आलेले. “बेंदराला शिंगं रंगवल्याली मी. रंग बी उडाला नव्हता. आठ दिसांनी चिखलणीत बसला, त्यो उठलाच न्हाय. मी त्येच्या मानंवर पडून रडाय लागलो, तर आबांनी बकुटीला धरून उठवलं. म्हटले, जनावर हाय त्ये. मान्सासारखं रडू नगंस. जेव, आनि रोप लावाय जा.”

“मग?” मामांनी विचारलं.

“मग काय? जेवलो. लावलं रोप.” आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “जेवलो मी त्या दिवशी. भाकरी आनि कालवन. दोनदा वाढून घ्येतलं.”

पंधरा दिवस मी माझा राग नीट पोसला होता. हेडक्लार्क, मेव्हण्याची पिल्ली, सोन्यादादा, आणि त्या सकाळपुरते आण्णा. आता त्यातला आण्णांच्या नावचा भाग माझ्या हातात नुसता राहिला. रागवायचं तर आबांवर. पण आबा भिंतीवर फोटोत होते, हार घातलेले, आणि त्यांचं पान ओट्यावर मांडून ठेवलेलं होतं. त्यांनाही कुणीतरी कधीतरी जेवायला बसवलं असेल. जेवायला बसवण्यात आपला हात कुणी धरणार नाही. माणसाच्या पोटातलं दुःख खाली ढकलायला आपण वरून भात घालतो आणि त्याला समजूत म्हणतो. आण्णांच्या पोटात तो बैल एवढी वर्षं होता आणि त्यांनी नियम पाळला होता. त्यांना माझी दया नको होती. त्यांना राग आला होता, आणि तो मला पटला.

मामा उठले. उंबऱ्यापर्यंत गेले, खाली वाकून आण्णांच्या पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली.

आण्णा आत आले. हात परत धुतले. “सूनबाई, तेल जळालं बघ,” म्हणाले. मी तेल बदललं. त्यांनी आबांना निवद दाखवला, आजींना दाखवला, मामींना दाखवला. पाचव्या पानाशी मामा बसले. कंडक्टरला शेवटच्या दोन वर्षांत दात राहिले नव्हते, म्हणून त्यांनी वडा कुस्करून खिरीत भिजवला, बोटानं घोटून मऊ केला, आणि मग पाणी फिरवलं. आण्णा शेजारी उभे राहून ते सगळं बघत होते.

“त्येचं नाव काय म्हटलास?”

“कंडक्टर.”

“कंडक्टर,” आण्णा म्हणाले आणि हात जोडले. मग माझ्याकडं वळून, “अजून एक पान हाय काय?”

“आहे की. काय वाढू, आण्णा?”

“वडं नगंस वाढू. बैल कुठं वडं खातोय? पेंड आन जरा.”

नवरा स्कूटर काढून लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेला आणि अर्ध्या तासानं हात हलवत परत आला. अमावास्येला पेंडीचं दुकान बंद असतं. पाखऱ्याच्या पानावर आम्ही सकाळची भाकरी आणि गुळाचा खडा ठेवला. भाकरी तशीच राहिली. गूळ मुंग्यांनी नेला.